पंच क्रमांक दोन

एकतीस वर्षं टाऊन हॉलच्या बागेत माळीकाम केलं,
म्हणून हवालदार दारात:
"रंगू आबा, चला. एक झाड वळखायचं हाय."

उत्तरेश्वर पेठ, तिसरा मजला.
पाण्याच्या टाकीमागं तट्ट्याची भिंत,
भिंतीआड रंगाचे सात डबे, त्यात सात झाडं.
वास जिन्यातच भेटला होता.
मी बोललो नव्हतो.

"गांजाच ना?" साहेबांनी विचारलं.
"गांजाच. खरं, ह्यांची ही दशा कुणी केली?"

बुंध्याबुंध्यात आरपार खिळा.
दोन झाडं मधोमध चिरलेली,
फट मिटू नये म्हणून आत कुल्फीची काडी.
एकाच्या डोक्यावर काळं पोतं,
एकाच्या मुळाशी बर्फाचं ओलं भुसकट.

पोरगा वायरमन. प्रणील गवंडी.
हातात बेड्या, तरी शिकवायची हौस:
"खिळा मारला की झाडाला वाटतं मरतोय आता,
मग सगळी ताकद शेंड्याला जाती.
तीन दिवस अंधारात ठेवलं की चीक दुप्पट.
शेवटी बर्फाचं पाणी. जांभळं हुतंय.
जांभळं म्हंजे जहाल, आबा."

"कुणी सांगितलं?"
"सगळीच सांगत्यात."
"एखादं झाड बिनखिळ्याचं ठेवून बघितलंस?"

तो गप्प.
सातातलं एकही त्यानं
आपल्या आपण वाढू दिलं नव्हतं.

मी तरी कुठल्या तोंडानं बोलणार?
बागेतला एक फणस धरत नव्हता,
तेव्हा अमावस्येला तांब्याचे खिळे मीच ठोकले.
जुन्या वहाणांची माळ बांधली,
कुऱ्हाड टेकवून दरडावलं,
"औंदा धरला न्हाईस तर चुलीत घालीन."
त्या साली फणस बुडापासून लगडला.
पेढे वाटले आम्ही.
तिसऱ्या साली त्याचं सरपण झालं.
लगडल्याचं गावभर सांगितलं,
सरपणाचं कुणी विचारलं नाही,
मीही सांगितलं नाही.

चष्मा पुसून एक शेंडा उकलला.
सगळ्या माद्या. आसपास नर नाही.
तरी फुलात पिवळे परागकोश,
तांदळाच्या कण्यांएवढे.
इतकं छळल्यावर भ्याली असणार ती.
कुणी येत नाही, दिवस थोडे राहिलेत,
मग आपणच आपला नवरा झाली.
आत बोटाला लागलं
बीच बी.

"प्रणील, माल वाया गेला रं तुझा.
नुसतं बी धरलंय."
बेड्या घालताना हसत होता,
आता त्याची हनुवटी थरथरली.

पंचनामा सुरू झाला.
"हिरवट रंगाची, उग्र वासाची,
फुलोरा असलेली ओलसर झाडे, नग सात."
मी म्हणालो, खिळ्यांचंबी लिवा.
साहेब ताणकाट्याकडं बघत हसले,
"खिळ्यांचं वजन मिळवायचं का वजा करायचं, आबा?"
त्यांच्या कागदात तसा रकाना नव्हता.

एक खिळा उपसायला गेलो, हलेना.
झाडानं त्याच्याभोवती गाठ धरली होती,
आपला मानून घेतल्यासारखी.
"राहू द्या," हवालदार म्हणाला, "मुद्देमाल हाय."

सही केली. पंच क्रमांक दोन.
पंच क्रमांक एक खालचा इस्त्रीवाला,
त्यानं तोवर एकदाही झाडाकडं पाहिलं नव्हतं.

रात्री सदरा काढताना
बाहीच्या दुमडीतून एक बी पडलं.
करडं, वर रेघा, मसुरीपेक्षा लहान.
भिऊन जन्माला आलेलं,
खरं टणटणीत.

कायदा मला ठाऊक आहे.
उचलून मोरीत टाकलं.

कडेला तांब्या भरलेला होता.
ओतायला उठलो नाही.